तोटा कुठं सोसायचा

"डी मारियाला काढला नसता, तर नव्वद मिनिटांतच विषय संपला असता."

कोल्हापूरच्या कळंब्यात हे वाक्य आजही कुठल्याही संध्याकाळी टाकून बघा. तलावाच्या बांधावर टाका, नाहीतर चहाच्या गाड्यावर. ऐकणारा अर्जेंटिनावाला असला तर हळहळतो, ब्राझीलवाला असला तर खुशीत हसतो, आणि पुढचा अर्धा तास कुणी घरी जात नाही. १८ डिसेंबर २०२२, रविवार, आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ. विश्वचषकाची अंतिम लढत. अर्जेंटिना दोन गोलांनी पुढं, सामना मुठीत आलेला, आणि ६४ व्या मिनिटाला प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी फ्रान्सला सगळ्यांत जास्त छळणाऱ्या खेळाडूलाच बाहेर बोलावतो. ऐंशीव्या आणि एक्क्याऐंशीव्या मिनिटाला एम्बापेचे दोन गोल. अर्जेंटिना शेवटी जिंकली, तरी त्या बदलाचा हिशेब कोल्हापुरात अजून मिटलेला नाही.

माझ्या मते तो निर्णय ६४ व्या मिनिटाला झालाच नव्हता. तो सामन्याआधीच झाला असणार. का, ते पुढं येईलच. पण त्यासाठी आधी बाद फेरीच्या सामन्याचा आराखडा म्हणजे नेमकं काय, हे बघायला हवं. टीव्हीवर ४-३-३, ४-४-२ असे आकडे येतात आणि सगळी आखणी त्या आकड्यांत बसलेली आहे असं वाटायला लागतं. खरं तर ती फक्त शिट्टी वाजतानाची उभं राहण्याची पद्धत. आराखड्याचा गाभा वेगळा आहे. अकरा माणसांत एवढं मोठं मैदान कधीच झाकलं जात नाही. कुठंतरी भोक राहणारच. ते कुठं ठेवायचं आणि किती वेळ ठेवायचं, हे समोरच्यानं शोधून काढण्याआधी आपण ठरवायचं. सगळीकडून भक्कम राहू पाहणारा संघ मोक्याच्या वेळी नको तिथून फाटतो.

लीगमध्ये ही सक्ती नसते. आज हरलो तर पुढच्या सामन्यात तीन गुण घेऊ, असा हिशेब चालतो. बाद फेरीत उद्या नाही. हे कोल्हापूरकरांना समजावून सांगावं लागत नाही. इथला फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं कुस्तीच्या आखाड्यांची आणि तीच पुढं फुटबॉल संघांची झाली. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी हे संघही त्याच ईर्षेनं उतरतात. शाहू स्टेडियमवर हंगामाची लीग होते आणि तिच्या जोडीला चषकांच्या स्पर्धा. चषकाच्या सामन्याला जी गर्दी आणि जो ताण असतो, त्यामागं हीच गोष्ट आहे. गुणांवरच्या कुस्तीत गेलेला गुण पुढं भरून काढता येतो. निकाली कुस्तीत पाठ लागली की घरी.

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रशिक्षकाच्या वहीत डावपेचांच्याही आधी काही रूक्ष नोंदी असतात. दोन सामन्यांमध्ये विश्रांतीचे दिवस किती. कुणाच्या नावावर पिवळं कार्ड आहे: २०२२ च्या विश्वचषकात दोन वेगवेगळ्या सामन्यांत मिळून दोन पिवळी कार्डं झाली की पुढचा सामना हुकायचा, आणि सुटं कार्ड उपांत्यपूर्व फेरीनंतरच पुसलं जायचं. बदली खेळाडू किती: २०२२ मध्ये पाच, तेही खेळ तीनदाच थांबवून (मध्यंतर वेगळं), आणि सामना जादा वेळेत गेला तर आणखी एक. शेवटची नोंद म्हणजे सामना नव्वद मिनिटांचा धरायचा की एकशेवीसचा. हे सगळं कंटाळवाणं वाटतं, पण तोटा कुठं परवडेल याचं उत्तर बऱ्याचदा इथंच दडलेलं असतं. पाच बदल हातात असताना साठ मिनिटांपुरता खेळाडू मैदानात उतरवता येतो. तीनच बदल असले तर तीच चैन महागात जाते.

असा विचार युरोप आणि दक्षिण अमेरिकेचीच मिरास, असं समजायचं कारण नाही. त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत धीट उदाहरण भारताचं आहे आणि त्यात गोव्याच्या मातीचा एक माणूसही आहे.

१९६२ ची जकार्ता आशियाई स्पर्धा. भारताचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. सहा वर्षांपूर्वी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनीच भारताला उपांत्य फेरीत नेलं होतं. तिथं ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवताना मुंबईकडून खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसूझानं तीन गोल मारले होते. जकार्तात मात्र सुरुवातच वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं भारताला २-० असं हरवलं. पुढं थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय मिळवून भारत गटातून बाहेर पडला, पण थायलंडच्या सामन्यात जर्नैलसिंगचं डोकं फुटलं. टाके पडले. जर्नैल म्हणजे त्या काळी आशियातला पहिल्या प्रतीचा बचावपटू. भारताच्या बचावाचा खांबच तो. जपानविरुद्ध तो खेळला नाही.

आता उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी. प्रशिक्षकापुढं सरळ दिसणारे दोन रस्ते: जर्नैलला बसवायचं, किंवा पट्टी बांधून त्याच्या जागी उभं करायचं. रहीम यांनी तिसरा काढला. जर्नैलला त्यांनी आघाडीवर, सेंटर फॉरवर्ड म्हणून पाठवलं.

यातला हिशेब बघा. मधल्या बचावपटूला पर्याय नसतो. समोरून उंच चेंडू आला की त्याला उडी मारावीच लागते, कधी मारायची हे तो ठरवत नाही. टाके घातलेल्या डोक्यानं ते काम नव्वद मिनिटं करणं म्हणजे प्रत्येक उंच चेंडूबरोबर नवी जोखीम. आघाडीवरच्या खेळाडूला निदान कुठल्या चेंडूवर झेपावायचं, हे निवडता येतं. शिवाय धिप्पाड, निडर जर्नैल अंगावर धावून आला की समोरच्या बचावपटूंनी वर्षानुवर्षं घोटलेली गणितं चुकतात, कारण असा माणूस तिथं त्यांना अपेक्षितच नसतो. तोटा काय होता? आपल्या बचावाचा खांब आपल्याच हातानं काढायचा. तो तोटा रहीम यांनी पत्करला आणि मधल्या बचावाचा भार अरुण घोषवर टाकला. उपांत्य सामना ३-२ असा सुटला. चुनी गोस्वामीचे दोन गोल, तिसरा जर्नैलचा. दोन गोल खाल्ले, म्हणजे तोटा झालाच. तीन मारले, म्हणजे तो परवडला.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, आणि समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया. पहिल्या भेटीत ज्यांनी २-० असं हरवलं, त्यांना नऊ-दहा दिवसांत दुसऱ्यांदा भेटायचं. अशा वेळी हरलेल्या संघाकडं एक गोष्ट असते जी जिंकलेल्याकडं नसते: त्याला बदलायचं कारण मिळालेलं असतं. जिंकलेला संघ सहसा तसाच येतो. रहीम यांचा भारत तसाच आला नाही. गोलमध्ये प्रद्युत बर्मनच्या जागी उंचापुरा पीटर थंगराज आला. जर्नैल पुढंच राहिला. उजवीकडून पी. के. बॅनर्जी, डावीकडं तुळशीदास बलराम, आत चुनी आणि युसूफ खान. मागून चेंडू पुरवायला आणि कोरियाच्या चाली मोडायला मधल्या फळीत फॉर्च्युनाटो फ्रँको आणि त्याचा जोडीदार.

हा फ्रँको जन्मानं गोव्यातल्या कोलवाळचा, वाढला मुंबईत आणि टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला. १९६० च्या रोम ऑलिंपिक संघातही तो होता. गोल करणाऱ्यांची नावं पाठ असतात, फ्रँकोचं बहुतेकांना आठवत नाही, आणि मला हे खटकतं. जो आराखडा बचावातला माणूस काढून पुढं नेतो, त्याचं सगळं वजन मधल्या फळीवर येतं. मागं भोक ठेवलंय हे माहीत असताना चेंडू तिथवर पोचूच न देणं हे काम त्या दोघांचं होतं. फ्रँको २०२१ च्या मे महिन्यात गेला. तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत त्याच्यावर जेवढं छापून यायला हवं होतं, तेवढं आलं नाही.

मैदानाबाहेरची हवाही भारताच्या विरुद्ध होती. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी आवाज उठवला आणि जकार्तात भारताविरुद्ध संताप उसळला. सेनायन स्टेडियममधल्या प्रचंड गर्दीसमोर भारतीय संघ हुर्यो ऐकतच उतरला. अशा वेळी सुरुवातीची वीस मिनिटं सांभाळून खेळावं, गर्दी थंड होऊ द्यावी, असं पुस्तकी शहाणपण सांगतं. भारतानं उलट केलं. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीचा गोल, विसाव्याला जर्नैलचा. पहिल्या वीस मिनिटांत दोन. ज्याच्या डोक्याला टाके होते, जो बचावपटू होता, त्यानं आशियाई सुवर्णपदकाचा निर्णायक गोल मारला. उरलेला सगळा वेळ भारत राखत बसला आणि कोरियाला पहिला गोल मिळाला तो सामना संपता संपता. २-१. रहीम त्या वेळी कर्करोगानं पोखरले गेले होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते वारले. भारतीय पुरुष संघाला त्यानंतर आशियाई स्पर्धेचं सुवर्ण मिळालेलं नाही.

वेळेचा मुद्दा इथं लक्षात घ्या. भोक ठेवायचं ठरवलं की ते किती मिनिटं ठेवायचं हेही ठरवावं लागतं. रहीम यांनी सगळा धोका सुरुवातीला घेतला, कोरियाला नवी मांडणी उमगायच्या आत. मग त्या दोन गोलांवर उरलेला सामना काढला.

उलट उदाहरण हवं असेल तर कोल्हापुरातल्या ब्राझीलवाल्यांची माफी मागून ८ जुलै २०१४ ला बेलो होरिझोंटेला जावं लागेल. जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना. नेमार पाठीच्या दुखापतीनं बाहेर, कर्णधार थियागो सिल्वा पिवळ्या कार्डांमुळं बाहेर. पुढचा सगळ्यांत चांगला आणि मागचा सगळ्यांत चांगला, दोघंही नाहीत. अशा वेळी शहाण्यानं म्हणावं, की आज आपण गोल कमी करू, मधली फळी भरू, सामना लांबवू. लुईझ फेलिपे स्कोलारी यांनी नेमारच्या जागी बर्नार्ड हा आणखी एक चपळ आघाडीपटूच घेतला. म्हणजे नेमार नसल्याचा तोटा सोसायला ते तयारच नव्हते. तो झालाच नाही अशा थाटात संघ उतरला. मधल्या फळीत क्रूस, खेदिरा, श्वाइनश्टायगर अशी माणसं मोकळी फिरत राहिली आणि तेविसाव्या ते एकोणतिसाव्या मिनिटांत चार गोल झाले. शेवटी १-७. मी त्या सामन्याकडं वेडेपणा म्हणून बघत नाही. घरच्या मैदानावर अख्ख्या देशाच्या अपेक्षा डोक्यावर असताना "आज आम्ही मागं बसणार" असं सांगायला जी छाती लागते, ती त्या दिवशी सापडली नाही, एवढंच.

आता डी मारियाकडं येऊ. स्कालोनी यांच्या २०२२ च्या बाद फेरीतलं सगळ्यांत चांगलं काय, तर शेवटच्या तीन सामन्यांत त्यांनी तीन वेगवेगळे तोटे पत्करले.

उपांत्यपूर्व सामना नेदरलँड्सशी, आपल्याकडं मध्यरात्री साडेबाराला. नेदरलँड्सचे लुईस फान खाल तीन मधले बचावपटू आणि दोन्ही बाजूंना धावणारे बचावपटू घेऊन खेळत. स्कालोनी यांनी आपली नेहमीची चारची बचावफळी मोडून तशीच पाचची मांडणी उभी केली, म्हणजे समोरच्या प्रत्येकाला अंगावर एक माणूस. मेस्सीच्या पासवर पस्तिसाव्या मिनिटाला मोलिनानं, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावपटूनं, गोल मारला तो याच मांडणीतून. तोटा होता पुढची धार कमी होण्याचा, आणि २-० झाल्यावर मागं सरकण्याचा मोह. तो मोह नडला. फान खाल यांनी आयुष्यभर जपलेला पासांचा खेळ बाजूला ठेवला, वाउट वेगहोर्स्टसारखे उंच गडी आत आणले आणि सरळ लांब चेंडू टाकायला लावले. ८३ व्या मिनिटाला हेडर. मग नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या अकराव्या मिनिटाला डीच्या टोकावरून फ्री किक. सगळं जग फटक्याची वाट बघत असताना कूपमाइनर्सनं चेंडू भिंतीच्या कडेनं हळूच आत सरकवला, वेगहोर्स्ट तिथं उभाच होता. २-२. अशी युक्ती त्या क्षणी सुचत नसते. ती घोटून ठेवलेली असते, आणि अशा एकाच दिवसासाठी राखून ठेवलेली असते. अर्जेंटिना टायब्रेकरमध्ये ४-३ अशी वाचली.

उपांत्य सामना क्रोएशियाशी. त्यांची सगळी मिजास मॉड्रिच, ब्रोझोविच, कोवाचिच या मधल्या तिघांवर. स्कालोनी यांनी मधल्या फळीत चौघे भरले: दे पॉल, पारेदेस, एन्झो फर्नांडेझ, मॅक अॅलिस्टर. बाजूचे आघाडीपटू नाहीत, चेंडूही जास्त वेळ क्रोएशियाकडंच. तो तोटा मान्य होता, कारण हाणायचं ठिकाण वेगळं ठरलं होतं. तुमचे तिघं चेंडू घेऊन पुढं आले की त्यांच्या पाठीमागं मोकळं रान पडतं. एन्झोनं तिथं एक लांब पास टाकला, हुलियन अल्वारेझ एकटाच गोलरक्षकासमोर पोचला, गोलरक्षकानं त्याला पाडलं, पेनल्टी. तिथून सामना ३-० पर्यंत गेला.

अंतिम सामन्याआधी सगळ्यांचे अंदाज याच दोन मांडण्यांभोवती फिरत होते: पाचची बचावफळी, नाहीतर मधले चौघे. स्कालोनी यांनी दोन्ही टाकून आंखेल डी मारियाला घेतलं, आणि तेही डावीकडं. डी मारिया गटातल्या पोलंडविरुद्धच्या सामन्यात दुखावला होता. त्यानंतर बाद फेरीत तो नेदरलँड्सविरुद्ध जादा वेळेच्या शेवटी थोडाच खेळला आणि क्रोएशियाविरुद्ध उतरलाच नव्हता. म्हणजे हा माणूस पूर्ण सामना धावणार नाही, हे गृहीतच होतं.

मग डावीकडंच का? फ्रान्सच्या त्या बाजूला उजवा बचावपटू ज्यूल्स कुंदे, जो मुळात मधला बचावपटू. त्याच्या पुढं उस्मान डेम्बेले, ज्याला मागं धावून बचाव करणं फारसं जमत नाही. मेस्सी नेहमी उजवीकडं सरकतो आणि फ्रान्सची माणसं त्याच्याकडं ओढली जातात. तोवर दुसऱ्या टोकाला डी मारिया रेषेला चिकटून एकटा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फ्रान्सचा एम्बापे त्यांच्या डाव्या बाजूला, म्हणजे अर्जेंटिनाच्या उजवीकडं. तिथं मोलिना आणि दे पॉल या दोघांनी पुढं जायचा मोह आवरून पहारा द्यायचा. थोडक्यात, उजवीकडं राखण आणि डावीकडं वार. डेम्बेलेनं डी मारियाला डीमध्ये पाडलं, तेविसाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी. छत्तिसाव्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या चालीचा शेवट डी मारियानंच केला. पूर्वार्धात फ्रान्सला एक फटकाही मारता आला नाही. एक्केचाळिसाव्या मिनिटाला, मध्यंतराचीही वाट न बघता, दिदिए देशां यांनी जिरू आणि डेम्बेले दोघांना बाहेर काढलं. अंतिम सामन्यात पूर्वार्धातच दोन बदल म्हणजे आपला आराखडा फसला हे चारचौघांत मान्य करणं. देशां यांच्या या धिटाईचं कौतुक कमीच झालं.

आणि मग ते ६४ वं मिनिट. डी मारियाच्या जागी मार्कोस अकुन्या, जो मुळात बचावपटू. तासाभरापुरतं पेट्रोल असलेला माणूस तासाभरानं बाहेर आला, यात आश्चर्य काहीच नाही. ठरलेलं तेच झालं. माझा आक्षेप आहे तो त्याच्या जागी कोण आला, याला. डी मारिया होता तोवर कुंदेला पुढं यायची भीती वाटत होती. बचावपटू आल्यावर ती भीतीच गेली. एकाहत्तराव्या मिनिटाला देशां यांनी कोमान आणि कामाविंगाला आणून ग्रीझमनलाही काढलं. म्हणजे चेंडू खेळवणारा डोकेबाज गडी बाहेर आणि पुढं चार वेगवान धावपटू. फ्रान्सनं मधली फळी सोडून दिली, हा त्यांनी निवडलेला तोटा. दमलेल्या अर्जेंटिनाविरुद्ध तो बरोबर लागला. ओटामेंडीनं कोलो मुआनीला पाडलं, एम्बापेची पेनल्टी. पुढच्याच मिनिटाला कोमाननं खुद्द मेस्सीकडून चेंडू हिसकावला आणि एम्बापेनं हवेतच फटका लगावला. तेव्हा कळंब्यातल्या वादावर माझा कौल असा: काढला ते बरोबर, बचावपटू आणला ते चूक. डावीकडं धाक राहील असा कुणीतरी, लौटारो मार्टिनेझ म्हणा हवं तर, तेव्हाच आत यायला हवा होता.

नव्वद मिनिटं संपली तरी आराखडा संपत नाही. २०१४ च्या उपांत्यपूर्व सामन्यात कोस्टा रिकाविरुद्ध याच फान खाल यांनी १२० व्या मिनिटाला गोलरक्षक बदलला. सिलेसेन बाहेर, टिम क्रुल आत, फक्त टायब्रेकरसाठी. क्रुलनं दोन किक अडवल्या आणि नेदरलँड्स जिंकलं. सगळीकडं वाहवा झाली. पण चारच दिवसांनी अर्जेंटिनाविरुद्ध तसाच टायब्रेकर आला तेव्हा तिन्ही बदल आधीच संपले होते. सिलेसेनलाच उभं राहावं लागलं आणि नेदरलँड्स ४-२ असं हरलं. युक्ती वापरायची तर तिच्यासाठी एक बदल राखून ठेवावा लागतो, आणि राखून ठेवलेला बदल म्हणजे मैदानावर दमलेला एक माणूस तसाच ठेवणं. २००६ मध्ये जर्मनीच्या येन्स लेहमानकडं मोज्यात खोचलेला कागद होता, अर्जेंटिनाचा कोण कुठं किक मारतो त्याची यादी. शेवटची किक मारायला कॅम्बियासो आला तेव्हा त्याचं नाव त्या कागदावर नव्हतंच. लेहमाननं तरीही तो काढून निवांत वाचला. कॅम्बियासोची किक अडवली गेली.

असे सामने बघायला कोल्हापूरकरानं फार लांब जायला पाहिजे असं नाही. ३ फेब्रुवारी २०२२ ला पुण्याच्या बालेवाडीत महिलांच्या आशियाई चषकाचा उपांत्य सामना झाला. चीननं जपानशी जादा वेळेनंतर २-२ अशी बरोबरी साधली आणि टायब्रेकरमध्ये बाजी मारली. तीन दिवसांनी नवी मुंबईतल्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध मध्यंतराला ०-२ असा मागं असलेला तोच चीन ३-२ असा जिंकला, आणि भरपाई वेळेतला शेवटचा गोल बाकावरून आलेल्या शियाओ युयीचा होता. करोनाचे निर्बंध होते आणि भारताचा संघ आधीच स्पर्धेबाहेर गेला होता, त्यामुळं तो सामना आपल्याकडं बघायचा राहूनच गेला.

शाहू स्टेडियमवर चषकाच्या सामन्यात बरोबरी सुटली नाही की गोष्ट टायब्रेकरवर जाते. यामुळं इथला आराखडा थोडा वेगळा होतो. तुलनेनं दुबळ्या संघाला एकशेवीस मिनिटं तग धरायची चिंता नसते. नेमून दिलेला वेळ काढला की पुढं पाचपाच किकचा जुगार, आणि त्यात पेठेचं नाव मोठं असो की लहान, संधी जवळजवळ सारखी. मग असा संघ डीसमोर आठ-नऊ माणसं उभी करतो, आणि समर्थक "पुढं जावा की रं" म्हणून ओरडत राहतात. प्रशिक्षकानं ती ओरड ऐकायची नसते. मात्र मागं बसायचं ठरलं तर आघाडीवर उरलेल्या एका गड्याला सगळ्यांत जास्त पळावं लागतं, तेही बहुतेक वेळा चेंडूशिवाय. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अमेरिका, कोलंबिया आणि घानासमोर भारताचा संघ असाच खेळला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि आघाडीपटूचं काम बरंचसं पहिल्या बचावपटूचं कसं होतं, हे त्याला बघून कळत होतं.

टायब्रेकरची यादी करताना मात्र आपल्याकडं अजून एक जुनी खोड दिसते: सगळ्यांत भरवशाचा गडी पाचवा ठेवायचा. निर्णायक किक त्याच्याच पायातून जावी, असा हिशेब. ९ डिसेंबर २०२२ ला ब्राझीलनं तसंच केलं. क्रोएशियाविरुद्ध जादा वेळेत नेमारच्या गोलनं ते पुढं गेले. मग पुढं असूनही माणसं वरच ठेवली आणि ११७ व्या मिनिटाला पलटवारात पेटकोविचनं बरोबरी केली. टायब्रेकरमध्ये पहिलाच रॉड्रिगो अडवला गेला, चौथ्या मार्किन्योसची किक खांबावर आदळली आणि सामना संपला. नेमारची पाळीच आली नाही. चौथी किक येईल की नाही, पाचवी येईल की नाही, हे समोरच्या गोलरक्षकाच्या हातात असतं. पहिली मात्र हमखास येते. नऊ दिवसांनी अंतिम सामना टायब्रेकरमध्ये गेला तेव्हा फ्रान्सची पहिली किक एम्बापेनं मारली आणि अर्जेंटिनाची पहिली मेस्सीनं.